मेडिकलवरून आणलेली ट्यूब आणि लेकराची कातडी : इसबावर बिगर-स्टिरॉइड मलम किती कामाचं?

बीड : लेकराच्या कोपराच्या खाचेत लाल चट्टा उठतो. रात्रभर खाजवून ते रडतं, आईची झोप जाते. दुसऱ्या दिवशी बाप बाजाराला गेला की मेडिकलवर थांबतो आणि सांगतो, "खाजंची एखादी चांगली ट्यूब द्या." दुकानदार ट्यूब देतो. चार दिवसांत चट्टा जातो, घर खूश होतं. महिनाभराने चट्टा परत येतो आणि पहिल्यापेक्षा मोठा येतो. मग पुन्हा तीच ट्यूब.

जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात दिसणारी ही गोष्ट आहे. त्या ट्यूबमध्ये नेमकं काय असतं, हे घेणाऱ्याला माहीत नसतं आणि अनेकदा देणाराही सांगत नाही. बहुतेक वेळा त्यात स्टिरॉइड असतं. नीट वापरलं तर ते औषध आहे, पण लहान मुलाच्या नाजूक कातडीवर महिनोन् महिने चोळलं तर तेच दुखणं होऊन बसतं. म्हणूनच लहान मुलांच्या इसबासाठी, म्हणजे एक्झिमासाठी, स्टिरॉइड नसलेली मलमं कोणती, ती कितपत चालतात आणि खेड्यातल्या माणसाच्या हाती ती येतात का, हे समजून घेणं गरजेचं झालं आहे.

खोकल्याच्या औषधावर ओरड झाली, ट्यूबवर नाही

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने लहान मुलांचे बळी गेले. त्यातली कितीतरी मुलं उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्यानंतर देशभर तपासण्या झाल्या. लहान मुलांचं औषध चिठ्ठीशिवाय विकू नये, अशा सूचना निघाल्या. पालकही थोडे सावध झाले.

पण ती सावधगिरी बाटलीपुरतीच राहिली. पोटात जातं ते औषध आणि वरून लावतात ते नुसतं मलम, अशी समजूत अजून घट्ट आहे. "वरून लावायचंय, त्यानं काय होतंय?" हा प्रश्न गावोगाव ऐकू येतो. उत्तर असं आहे की, बरंच काही होतं. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं. त्यामुळे कातडीवाटे औषध अंगात जाण्याचं प्रमाणही जास्त. त्यात ते डायपरच्या किंवा घट्ट लंगोटाच्या आत लावलं, तर आणखी वाढतं.

कायदा मात्र आधीपासून आहे. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये आणली. शेड्यूल एच म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र घातलेली काही मलमंही होती. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी कितीतरी वर्षं पाठपुरावा केला होता. एवढं होऊनही आठवडी बाजाराच्या गावात ट्यूब मागितली की मिळते. कायदा कागदावर पक्का आहे, पण काउंटरवर तो सैल पडतो.

इसब म्हणजे काय, आणि काय नाही

इसब हा संसर्ग नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अनेक मुलांच्या कातडीची वरची भिंतच जन्मापासून कच्ची असते. घराच्या भिंतीतल्या विटांमधली माती झडावी, तसं होतं. आतला ओलावा बाहेर निघून जातो, बाहेरची धूळ, साबण, घाम आत शिरतो. मग अंगातली संरक्षण यंत्रणा खवळते आणि कातडी लाल होते, खाज सुटते. खाजवलं की भिंत आणखी फुटते. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असला तर इसबाचा धोका वाढतो, हे 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. घरात कुणाला दमा, शिंकांची ॲलर्जी असेल तर मुलाला इसब होण्याची शक्यता जास्त असते, ती याच घराणेशाहीमुळे.

तान्ह्या बाळाला इसब बहुधा गालावर आणि डोक्यावर येतो. मूल चालायला लागलं की कोपराची खाच, गुडघ्याची मागची बाजू, मान आणि मनगट इथं येतो. कातडी कोरडी, खरखरीत असते. हिवाळ्यात तो वाढतो. बरीचशी मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात.

पण खाज येते म्हणजे इसबच, असं नाही. घोटाळा इथंच होतो. बोटांच्या बेचक्यात, बेंबीभोवती पुरळ आणि घरातल्या दोघा-तिघांना रात्री खाज असेल तर ती खरूज असू शकते. कडा उठलेला, मधून स्वच्छ होत पसरणारा गोल चट्टा असेल तर तो नायटा, म्हणजे गजकर्ण असू शकतो. खरजेला घरातल्या सगळ्यांचा एकाच वेळी उपचार लागतो. नायट्याला बुरशीचं औषध लागतं. नायट्यावर स्टिरॉइड लावलं तर खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी मात्र आतून पसरत राहते. गोल कडा पुसल्या जातात आणि नंतर डॉक्टरलाही ओळखणं अवघड होतं. स्टिरॉइड नसलेली मलमंसुद्धा नायट्यावर लावली तर हाच धोका असतो. कारण तीही कातडीची संरक्षण यंत्रणा शांत करतात. म्हणून ट्यूब कुठलीही असो, आधी दुखणं ओळखून घेणं ही पहिली पायरी आहे.

स्टिरॉइड वाईट नाही, त्याचा वापर वाईट आहे

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. स्टिरॉइडचं मलम हे इसबावरचं जगभर वापरलं जाणारं पहिलं औषध आहे. योग्य ताकदीचं, ठरलेले दिवस, ठरलेल्या जागी लावलं तर ते सुरक्षित आहे. भीतीपोटी ते अजिबात न लावणं आणि लेकराला महिनोन् महिने खाजवत ठेवणं, हीदेखील चूकच.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, ताकद. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य आहे, तर क्लोबेटासोल सगळ्यात कडक गटातलं. मोठ्या माणसाच्या तळपायासाठी दिलेली कडक ट्यूब घरात पडलेली असते, तीच बाळाच्या गालाला लागते. दोन, जागा. चेहरा, पापण्या, मान, काख, जांघ इथली कातडी पातळ असते, तिथं औषध जास्त मुरतं. तीन, दिवस. आठवडाभरासाठी दिलेलं मलम सहा महिने चालतं.

परिणाम दिसायला वेळ लागतो. कातडी कागदासारखी पातळ होते, खालच्या बारीक शिरा दिसू लागतात, मांडीवर-काखेत न जाणारे पट्टे उमटतात. चेहरा लाल राहतो आणि मलम थांबवलं की भाजल्यासारखा होतो. पापण्यांवर दीर्घकाळ लावलं तर काचबिंदू, मोतीबिंदूचा धोका असतो. तान्ह्या बाळाच्या जांघेत कडक स्टिरॉइड बरेच दिवस लावलं तर ते रक्तात जाऊन अंगाच्या स्वतःच्या स्टिरॉइडचं उत्पादन मंदावू शकतं. बाळाचा चेहरा गोल होतो, वजन वाढतं. घरचे म्हणतात, "लेकरू गुटगुटीत झालं." प्रत्यक्षात ती औषधाची सूज असू शकते आणि बाळाची उंची वाढणं थांबलेलं असतं. असं बाळ दिसलं तर ट्यूब अचानक फेकून देऊन घरी बसू नये. ट्यूब सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

बिगर-स्टिरॉइड मलमं कोणती?

यातलं सगळ्यात जुनं आणि भारतात रुळलेलं नाव टॅक्रोलिमस. त्याचा जन्म मातीतला आहे. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीच्या नमुन्यातल्या एका जिवाणूपासून 1984 मध्ये ते मिळालं. आधी ते यकृत आणि मूत्रपिंडाचं रोपण झालेल्या रुग्णांना पोटातून दिलं जायचं, नव्या अवयवाला शरीराने नाकारू नये म्हणून. पुढे त्याचं मलम झालं आणि डिसेंबर 2000 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इसबासाठी त्याला मंजुरी दिली. वर्षभराने पिमेक्रोलिमस या त्याच्याच भाऊबंदाचं 1 टक्का क्रीम मंजूर झालं.

ही दोन्ही औषधं संरक्षण पेशींमधलं कॅल्सिन्युरिन नावाचं बटण बंद करतात. त्यामुळे खाज आणि लाली वाढवणारे संदेश निघत नाहीत. मुख्य फायदा हा की, यांनी कातडी पातळ होत नाही. म्हणून चेहरा, पापण्या, मान, सांध्यांच्या खाचा अशा जिथं स्टिरॉइड फार दिवस लावता येत नाही, तिथं ही मलमं खरी उपयोगी पडतात.

टॅक्रोलिमस दोन ताकदींत येतं. 2 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी 0.03 टक्के आणि त्यापुढच्यांसाठी 0.1 टक्का. मोठ्याची ट्यूब लहानाला लावायची नाही, हा नियम इथंही आहे. 2 वर्षांखालच्या बाळासाठी काय वापरायचं, हे बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवायचं असतं. अशा बाळांना बहुधा ओलावा देणारं मलम आणि थोडे दिवस सौम्य स्टिरॉइड, एवढ्यावर भागतं.

तिसरं नाव क्रिसाबोरोल. ते वेगळ्या वाटेने काम करतं. अमेरिकेत डिसेंबर 2016 मध्ये 2 वर्षांपुढच्या मुलांसाठी आणि मार्च 2020 मध्ये 3 महिन्यांपुढच्या बाळांसाठी त्याला परवानगी मिळाली. त्यानंतर रॉफ्लुमिलास्ट, टॅपिनारोफ अशी आणखी नवी क्रीम तिथं मंजूर झाली. नवं आलं म्हणजे जुन्यापेक्षा भारी, असा अर्थ मात्र काढता येत नाही.

औषधांची तुलना करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2024 मध्ये इसबाच्या मलमांवरच्या शेकडो चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यात कडक स्टिरॉइड आणि 0.1 टक्का टॅक्रोलिमस ही वरच्या रांगेत होती. क्रिसाबोरोलच्या गटातली औषधं आणि सौम्य स्टिरॉइड खालच्या रांगेत. टॅक्रोलिमस आणि क्रिसाबोरोल लावल्यावर आग होण्याची तक्रार जास्त होती. थोड्या दिवसांच्या स्टिरॉइडने कातडी पातळ झाल्याचं फारसं दिसलं नाही. म्हणजे "स्टिरॉइड विष आणि बिगर-स्टिरॉइड अमृत" असा सरळ हिशोब नाही. दोन्हींची जागा वेगळी आहे.

आग होते म्हणून बंद केलं

टॅक्रोलिमस फसतं ते बहुतेक पहिल्या आठवड्यात. लावल्यावर आग होते, चुणचुणतं. मूल रडतं, आजी म्हणते, "हे काय लावलं गं बाई, पोराची कातडी जळली." आणि ट्यूब कोपऱ्यात जाते. खरं तर ही आग सुरुवातीचे काही दिवस असते, चट्टा बरा होऊ लागला की कमी होते. आंघोळीनंतर लगेच ओल्या अंगाला न लावता कातडी कोरडी झाल्यावर पातळ थर लावला तर त्रास कमी होतो. काही डॉक्टर आधी चार-पाच दिवस स्टिरॉइडने लाली उतरवतात आणि मग टॅक्रोलिमस सुरू करतात. हे चिठ्ठी देतानाच सांगितलं गेलं, तर निम्म्या ट्यूब कोपऱ्यात जाणार नाहीत.

दुसरी भीती कॅन्सरची. मोबाईलवर औषधाचं नाव शोधलं की हा शब्द पहिल्यांदा समोर येतो. त्याचं मूळ असं. रोपणाच्या रुग्णांना हेच औषध पोटातून मोठ्या प्रमाणात दिलं जातं आणि त्यांच्यात काही कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही तसं दिसलं होतं. त्यावरून 2006 मध्ये अमेरिकेत या मलमांच्या पाकिटावर चौकटीतला इशारा छापायला लावला. त्यानंतर टॅक्रोलिमस वापरलेल्या सुमारे 8,000 मुलांवर 10 वर्षांपर्यंत नजर ठेवण्यात आली. 2020 मध्ये निष्कर्ष आले. त्या मुलांत कॅन्सरचं प्रमाण सर्वसाधारण मुलांइतकंच निघालं. पिमेक्रोलिमसबाबत 2,400 हून जास्त तान्ह्या बाळांवर 5 वर्षं चाललेल्या चाचणीत, म्हणजे स्टिरॉइडशी केलेल्या तुलनेत, वाढीवर आणि संरक्षण शक्तीवर वाईट परिणाम दिसला नाही. इशारा कायम आहे, पण मलम म्हणून वापरताना त्याची भीती दाखवून मुलाला उपचाराविना ठेवण्याला आधार नाही.

काळजी दोन गोष्टींची घ्यावी. चट्ट्यात पू, पिवळी खपली असेल तर आधी संसर्गाचा उपचार, मग हे मलम. आणि मलम लावलेली जागा कडक उन्हात उघडी ठेवायची नाही. सकाळी लवकर आणि संध्याकाळी लावावं, दिवसा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा.

ओलावा आधी, ट्यूब नंतर

कुठलंही औषध लावा, कातडीची भिंत दुरुस्त झाली नाही तर चट्टा परत येणारच. ती दुरुस्ती ओलावा धरणाऱ्या साध्या मलमाने होते. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम ओलाव्याचं मलम सांगितलं आहे. आपल्याकडे 20 ग्रॅमची डबी महिनाभर पुरवली जाते. फरक इथंच आहे.

यासाठी महागडं क्रीमच हवं का? इंग्लंडमध्ये 550 मुलांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम अशा चारही प्रकारांचा परिणाम सारखाच निघाला. जे मुलाला सोसतं आणि रोज लावलं जातं, ते चांगलं. म्हणजे साधी, वासाविना असलेली पेट्रोलियम जेलीही चालते. खोबरेल तेलाबद्दलही पुरावा आहे. फिलिपिन्समधल्या 2014 च्या चाचणीत सौम्य ते मध्यम इसब असलेल्या मुलांना शुद्ध खोबरेल तेलाचा खनिज तेलापेक्षा जास्त फायदा झाला. मात्र ते शुद्ध हवं, वासाचं किंवा औषधी घातलेलं नको.

आंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत उरकावी. कडक साबण आणि काथ्याने घासणं बंद. अंग टिपून घेतल्यावर दोन-तीन मिनिटांत ओलाव्याचं मलम लावावं. औषधी मलम त्यानंतर थोड्या अंतराने. राख, चुना, टूथपेस्ट फुटलेल्या कातडीवर लावू नये. आणि "अंडं बंद, दूध बंद" हा सल्ला डॉक्टरने तपासून दिला असेल तरच पाळावा. वजन आधीच कमी असलेल्या मुलाचं अंडं-दूध इसबाच्या नावाने तोडलं, तर एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

किती मलम लावायचं, यालाही माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. ठिपका लावून भागवणं आणि चोपडून टाकणं, दोन्ही चूक.

कोयत्यासोबत निघालेली ट्यूब

या जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दिवाळीच्या आगेमागे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे मध्ये खाडा परवडत नाही. लहान लेकरं सोबत असतात. पुढचे चार-पाच महिने ती कोपीत राहतात. हिवाळ्याची कोरडी हवा, चुलीचा धूर, उसाच्या पाचटाची कूस, पाण्याची टंचाई. इसबाला खवळायला लागणारं सगळं तिथं एका जागी असतं.

निघताना पेटीत चार ट्यूब टाकलेल्या असतात. तिथं ओळखीचा डॉक्टर नसतो, गावची आशाताई नसते, पूर्वीची चिठ्ठी कुठे गेली ते माहीत नसतं. आठवडाभराचं स्टिरॉइड हंगामभर चालतं ते असं. यात आई-बापाला दोष देऊन भागत नाही. तालुक्याला डॉक्टरकडे जायचं म्हणजे तपासणीची फी, गाडीभाडं आणि दोघांची मजुरी बुडणं. त्यापुढे मेडिकलवरची पन्नास-साठ रुपयांची ट्यूब स्वस्त वाटते. टॅक्रोलिमसची ट्यूब स्टिरॉइडपेक्षा कितीतरी महाग पडते, ती पुन्हा पुन्हा घेणं मजुराला जड जातं. दुकानदाराचंही म्हणणं असतं की, मी नाही दिली तर पलीकडचा देतो. प्रत्येकाचं कारण त्याच्या जागी खरं आहे, आणि सगळ्यांची मिळून किंमत लेकरू मोजतं.

व्यवस्था आहे, तिला कामाला लावायला हवं

लहान मुलांच्या इसबासाठी सरकारी योजनेत जागाच नाही, असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झाला. या कार्यक्रमात तपासायच्या दुखण्यांच्या यादीत खरूज, बुरशी आणि इसब हे कातडीचे आजार स्पष्ट लिहिलेले आहेत. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासायची, दोष दिसला की पुढे पाठवायचं, अशी रचना आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ई-संजीवनीवरून मोबाईलवर डॉक्टरचा सल्ला घेता येतो. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

कडी तुटते ती मधल्या जोडांत. पथक शाळेत येतं तेव्हा ऊसतोडीच्या घरची मुलं फडावर असतात. त्यावर उपाय अवघड नाही. या मुलांची तपासणी स्थलांतराच्या आधी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व्हावी. जी मुलं गावी हंगामी वसतिगृहात राहतात, त्यांची तिथं व्हावी. इसब सापडला तर मुलाच्या हाती साधा कागद द्यावा, ज्यावर दुखण्याचं नाव, मलमाचं नाव, कुठं लावायचं आणि कोणत्या तारखेला थांबायचं, एवढं मराठीत लिहिलेलं असेल. हा कागद फडावरच्या कुठल्याही डॉक्टरला दाखवता येईल.

औषधाचा प्रश्नही तसाच. ओलाव्याचं मलम आणि सौम्य स्टिरॉइड प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरेसं आहे का, मुलांच्या ताकदीचं टॅक्रोलिमस निदान उपजिल्हा रुग्णालयात मिळतं का, हे गावाच्या आरोग्य समितीने आणि केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीने विचारायचं आहे. ग्रामसभेत रस्त्याचा, पाण्याचा प्रश्न निघतो, तसा हाही निघू शकतो. अन्न व औषध प्रशासनाने खोकल्याच्या बाटल्या तपासताना शेजारच्या फळीवरच्या ट्यूबही पाहिल्या, तर वेगळी मोहीमही लागणार नाही.

घरातल्या ट्यूबवर काय पाहायचं?

हे काम आजच करता येण्यासारखं आहे. घरात असलेल्या सगळ्या ट्यूब काढाव्यात. बारीक अक्षर वाचता येत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करावा.

• पाकिटाच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

• औषधाच्या नावाच्या शेवटी ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ असेल, जसं बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन, तर ते स्टिरॉइड आहे असं समजून डॉक्टरला विचारावं. ‘झोल’ने संपणारी नावं, जसं क्लोट्रिमॅझोल, ही बहुधा बुरशीची औषधं असतात.

• एकाच ट्यूबमध्ये तीन-चार औषधांची नावं असतील तर ती मुलाला लावू नये.

• शेजाऱ्याची, मोठ्या भावाची, मागच्या वर्षीची ट्यूब वापरू नये.

• इसबासोबत ताप आला, पू झाला किंवा बारीक खोलगट फोडांचे पुंजके उठले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. मलमाने बरं होणारं ते दुखणं नाही.

• डॉक्टरकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्याव्यात आणि तीन प्रश्न विचारावेत : हे स्टिरॉइड आहे का? कुठं लावायचं आणि कुठं नाही? कधी थांबवायचं?

टॅक्रोलिमससारखी मलमं आल्यामुळे इसब असलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर कडक स्टिरॉइड चोळत राहण्याची लाचारी उरलेली नाही. पण तेही पुढचं "खाजंचं चांगलं मलम" म्हणून काउंटरवरून चिठ्ठीशिवाय विकलं जाऊ लागलं, तर आज स्टिरॉइडचं झालं तेच उद्या त्याचं होईल. कोयते निघायच्या आधी गावातल्या लेकरांचे हात-पाय, कोपर, मान एकदा नीट तपासली गेली आणि प्रत्येक पेटीत बिननावाच्या ट्यूबऐवजी पेट्रोलियम जेलीची मोठी डबी आणि डॉक्टरचा कागद गेला, तर फडावरच्या कितीतरी कोप्यांत आई आणि लेकरू दोघांनाही रात्री झोप लागेल.